पन्नास किलोमीटर झाले की परत या

मित्रांनो, मी एक जुना स्पेसर आहे. वयाने म्हणाल तर मला पुरती दोन वर्षंही झालेली नाहीत. पण मी चाकावर बसलो तो उणेपुरे तीन दिवस, आणि माझी सगळी उमेद त्या तीन दिवसांतच खर्च झाली, म्हणून स्वतःला जुना म्हणवून घेतो.

स्पेसर म्हणजे कोण हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. गाडीचं चाक ज्या लोखंडी थाळीवर बसतं तिला हब म्हणतात. त्या हबच्या आणि चाकाच्या मधे मी बसतो. ॲल्युमिनियमची एक जाड चकती, मधोमध एक मोठं भोक, भोवती चार लहान भोकं, एवढाच माझा संसार. माझ्यामुळे चाक बोटभर बाहेर येतं. त्याने गाडी जास्त पळत नाही की पेट्रोल कमी पीत नाही. ती फक्त जरा ऐटीत उभी राहते. आता ऐट काही गरजेची नाही, हे मलाही कळतं. पण लग्नात पाहुणे फेटे बांधतात, ते काय ऊन लागतं म्हणून?

माझ्या जागेची एक गंमत आहे. चाक लागलं की मी झाकला जातो. उजेड दिसणार तो चाक काढल्यावरच, आणि तशी वेळ माझ्यावर फारशी आली नाही. चाकावरचा बाकी सगळा काळ मी अंधारात गोल गोल फिरत, अर्धवट झोपेत काढला. तेव्हा मी सांगतो त्यात पाहिलेलं थोडं आणि ऐकलेलं फार. आणि थोडं स्वप्नातलंही असेल, कारण फिरता फिरता मला कशाचं काय दिसायचं ते माझं मलाच सांगता येत नाही.

वसई पूर्वेला वालीवमध्ये गाळ्यांच्या लांबच लांब रांगा आहेत. कुणाकडे प्लॅस्टिकचे डबे होतात, कुणाकडे खोकी, कुणाकडे नुसती पेनांची टोपणं. त्यांतल्या एका गाळ्यात गंगाराम यांचा लेथ आहे. लेथ म्हणजे धातू गरागरा फिरवून त्याला कापून आकार देणारं यंत्र. गंगाराम तिथल्याच जवळच्या गावचे, भातशेती सोडून लेथवर आलेले. पस्तीस वर्षं त्यांनी हे काम केलं आणि त्यांच्या हातांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. या धंद्यात ही गोष्ट छातीठोकपणे सांगण्यासारखी असते, आणि ते ती येईल त्याला सांगतात. आता लेथ चालवते ती त्यांची मुलगी ऋतिका. आयटीआयमधून शिकून आलेली, केस घट्ट बांधलेली, काम करताना सतत काहीतरी गुणगुणणारी.

मी तेव्हा एका लांब, जाड दांड्यात झोपलेला होतो. माझ्याआधी त्याच दांड्यातून कुणी कप्पी होऊन गेलं होतं, कुणी झाकण. मला मात्र काय व्हायचंय याचा पत्ता नव्हता. ते सुख पुन्हा कधी मिळालं नाही.

एका संध्याकाळी विघ्नेश नावाचा तरुण गाळ्यात आला. विरारला बोळींजच्या एका उंच इमारतीत तो आणि त्याची आई राहत, आणि तो ठाण्याच्या ऑफिसात रोज गाडीने जाई. गाडी त्याच्या वडिलांची, सदानंद यांची. ते चार वर्षांपूर्वी गेले. विघ्नेशने तिला जुन्या बाजारातून रुंद चाकं आणली होती आणि घरीच काळा रंग मारून ती चकाचक केली होती. पण चाकं त्याला आत ओढल्यासारखी वाटत. म्हणून त्याने ऑनलाइन मागवलेले तयार स्पेसर पिशवीतून काढून ऋतिकासमोर ठेवले.

तिने एकाच्या मधल्या भोकात मोजपट्टी घातली आणि तो बाजूला सारला. "हे भोक मोठं आहे. हबवर घट्ट बसणारच नाही. सगळं वजन बिचाऱ्या चार बोल्टवर येणार."

"त्याने काय होतं?"

"गाडी थरथरते. आणि मग एक दिवस थरथरायची थांबते."

विघ्नेश हसला, पण ऋतिका हसली नाही. मागून गंगाराम म्हणाले, "पोरा, चाक हाय तसं बरं दिसतंय की. कशाला उगाच बाहेर काढतो?"

"काका, आत गेल्यासारखं दिसतं ना. एकदा बाहेर काढून बघतो, नाही आवडलं तर काढून टाकू."

"मला विचाराल तर घालू नका," ऋतिका म्हणाली. "पण घालायचेच असतील तर निदान मापाचे घाला. मी करून देते."

तिने गाडीचा हब तीन वेळा मोजला. दुसऱ्या दिवशी दांडा लेथवर चढला, आणि मी जागा झालो तो चांदीच्या कुरळ्या पट्ट्यांच्या पावसात. ती पोरगी गुणगुणत होती, माझ्या अंगावरून थंडगार पांढरं पाणी वाहत होतं, आणि वरच्या पत्र्यातल्या एका फटीतून ऊन येऊन माझ्यावर गोल फिरत होतं. मला वाटलं, जग असंच असतं. माझ्यामागून माझा जुळा भाऊ झाला. विघ्नेशला पुढच्याच दोन चाकांना स्पेसर हवे होते, म्हणून आम्ही दोघंच.

आम्ही बसलो तो नवरात्रातल्या अष्टमीचा दिवस. भाऊ उजव्या चाकाला गेला, मी डाव्या. हबवर मला सरकवलं तेव्हा हलकासा चक् असा आवाज झाला. "बसला बघा," ऋतिका म्हणाली, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आपण कुणाच्या तरी मापाचे आहोत हे कळणं फार मोठं असतं. मग तिने चाक लावलं, चार नट फिरवले आणि टॉर्क पाना घेतला. किती जोराने आवळलं ते मोजणारा हा पाना, बरोबर झालं की कट्ट असा बोलतो. चार वेळा कट्ट झालं. उजेड गेला.

अंधारातून मला तिचा आवाज ऐकू आला. "तुम्ही चाकाला आतूनपण रंग मारलाय. ताजा आहे. धातू दबत नाही, रंग दबतो. तो दबला की नट आपोआप सैल होणार. पन्नास किलोमीटर झाले की परत या, मी पुन्हा आवळून देते. विसरू नका."

"येणार ना मॅडम. एकदम नक्की," विघ्नेश म्हणाला.

मित्रांनो, त्यानंतरचे ते दोन दिवस म्हणजे माझी हयात. फिरताना मला गुंगी यायची. डांबराचा रस्ता एका सुरात गुणगुणतो, सिमेंटचा दाणदाण बोलतो, पुलावर दर चार श्वासांनी एक ठोका पडतो. ब्रेक लागला की पाठीला ऊब यायची, आणि त्या उबेत मला स्वप्नं पडायची. मी चंद्र झालोय आणि कुणीतरी मला दोरीने भाताच्या शेतावरून ओढत नेतंय, असलं काहीतरी.

त्या स्वप्नांना माणसाचा आवाज दिला तो विघ्नेशच्या आईने. विनया तिचं नाव. ती पुढे डावीकडे बसायची, म्हणजे बरोबर माझ्यामागे. अष्टमीच्या संध्याकाळी तो तिला जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत घेऊन गेला. या बाईंना एक सवय होती. रस्त्यात जे दिसेल ते त्या मोठ्याने बोलून दाखवत. "बघ, किती तोरणं लावलीत. अगं बाई, हे केळ्यांचे घड. तो बघ, कुत्र्याला कुणीतरी झेंडूची माळ घातलीये." विघ्नेश हूं हूं करायचा. पण मला तर दुसरे डोळेच नव्हते. तिने म्हटलं की मला दिसायचं. त्या बाईंच्या तोंडून मी सगळं विरार पाहिलं.

त्याच फेरीत मी समुद्राचं नाव ऐकलं. बावीस वर्षं विरारला काढून विनयाताईंनी राजोडीचा किनारा पाहिला नव्हता. सदानंद दर आठवड्याला म्हणत, पुढच्या रविवारी जाऊ. तो रविवार काही आला नाही.

"दसऱ्याला जाऊ आई. सुट्टी आहे," विघ्नेश म्हणाला.

"बघ हं. तुझ्या बाबांसारखं करू नकोस."

समुद्र कसा असतो ते त्या पुढे सांगत राहिल्या. संपतच नाही म्हणे, आणि सारखा आपल्याकडे येत राहतो. मी तो रात्रभर मनात घोळवला. मला समुद्र हवासा वाटायला लागला.

नवमीला विघ्नेश ठाण्याला जाऊन आला. त्या एकाच फेरीत पन्नासाच्या वर किलोमीटर झाले, आणि संध्याकाळी त्याला उशीर झाला म्हणून तो वालीवला वळला नाही. माझ्या आणि चाकाच्या मधला रंग दबत चालला होता. केसाएवढी जागा झाली असेल, जास्त नाही. मला वाटलं, उद्या ऋतिका आवळेलच.

दसऱ्याला सकाळी गाडीला हार घातला, बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली. मग दोघं निघाली ती आधी वालीवला. विघ्नेशची चूक सांगितली, तर त्याचा हा शहाणपणाही सांगितला पाहिजे. तो खरंच नट आवळून घ्यायला गेला होता.

गाळ्यात पाऊल टाकताच विनयाताई बोलू लागल्या आणि मला दिसू लागलं. लेथला झेंडूची माळ होती. पाटावर सगळी हत्यारं ओळीने मांडलेली, पान्यांवर कुंकवाची बोटं, टॉर्क पान्यावर चाफ्याचं फूल. उदबत्ती चालू होती. गंगाराम नवा सदरा घालून बसले होते.

"काका, ते नट जरा आवळायचे होते," विघ्नेश म्हणाला.

"आज नाय रे बाळा. आज हत्यारांचा दिवस. वरीसभर राबतात, एक दिस त्यांना कोनी हात लावायचा नाय. उद्या सकाळी ये, पयला तुझाच नंबर."

"पप्पा, दोन मिनिटांचं काम आहे," ऋतिका म्हणाली. "यांच्या चाकाला ताजा रंग आहे."

गंगारामांनी दोन्ही पंजे पसरून तिच्यासमोर धरले. "ही दहा बोटं बघ. पस्तीस वर्सं मी हा दिवस पाळला म्हनून ही जाग्यावर हायत. आता मोडू?"

ऋतिका गप्प झाली. सणाच्या दिवशी, परक्यांसमोर, बापाशी हुज्जत कशी घालायची? तिने विघ्नेशला विचारलं, "तुमच्या गाडीतला पाना असेल ना? तो द्या, मी त्यानेच बघते."

विघ्नेशने आईकडे पाहिलं. विनयाताई ओशाळल्या. "तो घरी आहे गं, देवापुढे. मी सकाळी सगळंच पूजेला मांडलं. याचा लॅपटॉप, माझी कात्री, गाडीचा जॅक आणि तो पाना."

"शेजारी कुणाकडे मिळेल का?"

शेजारी काय आणि पलीकडे काय, त्या दिवशी अख्ख्या वालीवमध्ये जे गाळे उघडे होते तिथले पाने पाटांवर आणि बाकीच्यांची शटरं खाली. मित्रांनो, एवढी हत्यारं एका जागी आणि त्यांतलं एकही हाताला येऊ नये, असा दिवस वर्षातून एकदाच येतो. नेमका तोच आमच्या वाट्याला आला.

"मग गाडी इथेच ठेवा, रिक्षाने जा," ऋतिका म्हणाली.

"गाडीचाच तर फोटो काढायचाय समुद्रावर," विघ्नेश हसत म्हणाला. पण विनयाताईंचं कारण वेगळं होतं. त्या गंगारामांना हळूच म्हणाल्या, "आज परत फिरलो ना, तर राहूनच जाईल बघ. मला ठाऊक आहे कसं राहतं ते. आम्ही हळू जाऊ, भाऊ."

गंगारामांनी दोघांना आपट्याची पानं दिली, सोनं घ्या म्हणाले, आणि गाडी निघाली.

पुलाच्या ठोक्यांबरोबर पहिला नट सैल झाला. मला ते स्पष्ट कळलं. आधी मी हबला घट्ट चिकटलेला होतो, आता दर फेरीला एक बारीक टक् असा धक्का बसत होता. नालासोपाऱ्याचा पूल उतरून गाडी पश्चिमेला आली. टक्, टक्, टक्.

"विघ्नेश, चाकात काहीतरी बोलतंय," विनयाताई म्हणाल्या.

"खडा अडकला असेल गं टायरमध्ये." त्याने गाण्यांचा आवाज वाढवला.

आणि इथे मला तुम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती मी आजवर कुणालाही सांगितली नाही, आणि सांगणार तरी कुणाला? गाडी वाड्यांमधल्या अरुंद रस्त्याला लागली होती. विनयाताई पुन्हा बोलू लागल्या होत्या. केळीची वाडी, रहाटाची जुनी विहीर, सोनचाफा, पांढरा क्रूस, त्याच्या पायाशी मेणबत्त्या. वारा खारट झाला होता. मला समुद्र जवळ आल्याचं कळत होतं, आणि मी अंग चोरलं. टकटक कमी व्हावी म्हणून मी चाकाला घट्ट धरून राहायचा प्रयत्न केला. थोडंच उरलंय, असं मी स्वतःशी म्हणालो. समुद्रापर्यंत जाऊ, मग काय व्हायचं ते होवो. लेथवर जन्मलेल्या एका चकतीला समुद्राची एवढी हाव सुटली की तिला आपल्यामागे कोण बसलंय याचा विसर पडला.

मग दुसरा नट गेला. गेला म्हणजे फिरत फिरत बाहेर आला आणि रस्त्यावर कुठेतरी उडाला. चाक एका अंगाला कललं. माझी भोकं बोल्टवर घासून कुरतडली जाऊ लागली आणि मला फार दुखलं. त्या दुखण्याने मी शुद्धीवर आलो. हे चाक सुटलं तर गाडी डावीकडे बसणार, आणि डावीकडे विनयाताई आहेत. जिच्या डोळ्यांनी मी सगळं पाहिलं तीच. मग मी अंग चोरायचं सोडून दिलं. जेवढं हलता येईल तेवढं हललो, जेवढं आपटता येईल तेवढं आपटलो. टक् टक् टक् टक्.

पायांखाली हादरे बसू लागले तसे विनयाताईंनी पाय उचलून घेतले. त्यांनी मुलाला चाकाविषयी पुन्हा सांगितलं नाही. सांगून तो ऐकणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. त्या म्हणाल्या, "विघ्नेश, थांब. मला मळमळतंय. आत्ताच्या आत्ता थांब."

आई ओकेल या भीतीने कुठलाही मुलगा गाडी थांबवतो, मग ती गाडी नव्या चाकांची असेल तर विचारूच नका. त्याने एका वाडीच्या कुंपणाशी गाडी उभी केली. विनयाताई खाली उतरल्या आणि सरळ चाकाशी जाऊन बसल्या.

"तुला मळमळत होतं ना?"

"इकडे ये. हे बघ."

विघ्नेश वाकला. एका बोल्टवर नट नव्हताच. दुसऱ्यावरचा त्याने दोन बोटांनी फिरवला आणि तो फिरला. तिसराही फिरला. एक चौथा तेवढा जीव धरून होता. पोरगा तिथेच मातीत बसला. मग म्हणाला, "आई, मी तुझं ऐकत नव्हतो."

"आता ऐकलंस ना," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याने फोन काढला तर ऋतिकाचे अकरा कॉल येऊन गेले होते. गाण्यांच्या नादात एकही ऐकला नव्हता. आता त्याने उलट फोन करून जागा सांगितली.

तिकडे मागे काय घडलं ते मला पुढे कळलं. गाडी गेल्यावर बापलेक घरी जेवायला बसले. पानात श्रीखंड होतं. गंगारामांनी पुरीचा एक घास घेतला आणि तो तोंडातच फिरत राहिला. ऋतिकाने तर पानाला हातही लावला नव्हता. त्यांनी विचारलं, "किती ताजा होता गं रंग?" ती म्हणाली, "नखाने निघत होता." गंगाराम उठले, हात धुतले, गाळा उघडला, आणि पाटासमोर उभे राहून टॉर्क पान्यावरचं फूल आपल्या हाताने उचललं. ऋतिकाने नटांची पिशवी आणि जॅक घेतला. दोघं स्कूटरवर बसून निघाले.

ते पोचले तेव्हा दुपार झाली होती. साठीचा माणूस, नव्या सदऱ्यासकट रस्त्यावर गुडघे टेकून बसला आणि त्याने चाक काढलं. माझ्यावर लख्ख उजेड पडला. त्या उजेडात मी आयुष्यात पहिल्यांदा विनयाताईंना पाहिलं. लहानशी, सावळी बाई, कानांवर पांढरे केस, चष्म्याला दोरी. मी त्यांना फार उंच समजत होतो.

गंगारामांनी मला हातात घेऊन उन्हात धरलं. माझी गोल भोकं लांबट झाली होती. त्यांनी आपलं बोट एका भोकात घालून फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ताई," ते म्हणाले, "मी माझी दहा बोटं जपत बसलो. तुमच्याकडे बघितलंच नाय मी. माफी करा."

"अहो भाऊ, पाना तर मीपण देवापुढे मांडून आले होते," विनयाताई म्हणाल्या. "माफी कुणी कुणाची मागायची?"

ऋतिका मात्र रडत होती. "मी बोलायला पाहिजे होतं, पप्पा. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प राहिले."

गंगारामांनी तिला जवळ घेतलं नाही, समजूतही घातली नाही. त्यांनी पाना तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू आवळ." एवढंच.

आम्हा दोघा भावांना त्यांनी काढूनच टाकलं. चाकाचा आतला रंग खरवडला, चाकं नुसती हबवर बसवली, नवे नट लावले. कट्ट, कट्ट, कट्ट, कट्ट. गाडीची चाकं पुन्हा आत गेली. विघ्नेश त्यांच्याकडे बघून म्हणाला, "चांगली दिसतात."

मग ते चौघं चालत समुद्रावर गेले. गाडी तिथेच राहिली आणि मी तिच्या डिकीत. सुरूच्या झाडांपलीकडून मला त्याचा आवाज येत होता. बाईंनी सांगितलं होतं तसाच होता, संपत नव्हता. मी तो दिसत नाही म्हणून रुसलो नाही. विनयाताई पायांना वाळू लावून परत आल्या, बसताना मोठ्याने हसल्या, आणि त्या हसण्यानेच माझं पोट भरलं.

आता मी वालीवला गाळ्याच्या दारातल्या टेबलावर असतो. माझा भाऊ वितळून केव्हाच दुसरं काहीतरी झाला. मला ऋतिकाने ठेवून घेतलं. यंदाच्या दसऱ्याला पूजा झाली, सगळी हत्यारं पाटावर बसली, फक्त टॉर्क पान्याला कुंकू लावून गंगारामांनी तो पुन्हा खिळ्याला अडकवला. कुणी विचारलं तर म्हणाले, "त्याला आज बी ड्युटी हाय." विघ्नेश महिन्यातून एकदा येतो आणि नट तपासून घेतो. बरोबर आई असते. ती टेबलावरून मला उचलते, पदराने पुसते आणि पुन्हा ठेवते. काय म्हणून पुसते ते तिने कधी सांगितलं नाही.

मित्रांनो, तुम्हाला ऐट करू नका असं मी सांगणार नाही, मीच ऐटीसाठी जन्मलो. पण बसवलेली वस्तू पुन्हा एकदा बघायची असते. तुमच्या सायकलचा नट असो, पंख्याचा स्क्रू असो, आजोबांच्या काठीखालचं रबर असो, लावलं आणि झालं असं समजू नका. आणि घरात कुणी म्हणालं की काहीतरी वाजतंय, तर आधी गाणी बंद करा.

गेल्या आठवड्यात श्रीरंग नावाचा एक गृहस्थ स्पेसर करून घ्यायला आला होता. कडेवर त्याची चारपाच वर्षांची मुलगी, पिंकी. ऋतिकाने मला त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "आधी याच्या भोकात बोट घालून बघा." त्याच्याआधी पिंकीनेच घातलं. तिने एक भोक पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि विचारलं, "पप्पा, हे गोल का नाहीये?"

ऋतिकाने तिला सगळं सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं तेवढंच, फक्त माझी कबुली सोडून. श्रीरंग उभ्या उभ्या ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने मुलीला कडेवर जरा घट्ट धरलं. मग म्हणाला, "राहू दे ताई. चाकं आहेत तशीच ठीक आहेत."

त्याने पिंकीला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, एकदा ओढून पाहिला. गाडी सावकाश गेली. मी टेबलावरून ती वळणापर्यंत पाहिली, आणि मित्रांनो, त्या दिवशी कुठल्याही चाकात न बसता मी एका मुलीला सुखरूप घरी पोचवलं.